ट्रायल रूममधला स्टुडिओ

४ जानेवारी

चि. भिंगरीस,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पाहून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. फोनच करणार होतो. पण तुझ्या रेडिओ केंद्रात मी फोन केला की तू कुजबुजत बोलतेस, कारण पलीकडे कुणीतरी बातम्या वाचत असतं. मग मीही इकडे कुजबुजायला लागतो, आणि तुझी मामी विचारते की एवढं काय लपवताय. शिवाय तू सांगशील ते मला कागदावर हवं आहे. गिऱ्हाइकाचं माप मी जन्मात कधी डोक्यात ठेवलं नाही, वहीत ठेवलं. हेही तसंच.

तर मला घरच्या घरी ध्वनिमुद्रणाचा स्टुडिओ काढायचा आहे. हसून झालं असेल तर पुढे वाच.

शिलाईचं दुकान बंद करून सहा महिने झाले. पुढची खोली जशीच्या तशी आहे. कापायचं टेबल आहे, कोट चढवायचा लाकडी पुतळा आहे, कोपऱ्यात पडदा लावलेली ट्रायल रूम आहे, आणि शिवून तयार असूनही कुणी न्यायला न आलेले एकोणीस कोट आहेत. मी दिवसभर त्यांच्यात हिंडतो. मामीचं म्हणणं असं की मी मुक्काम वाढवलेल्या पाहुण्यासारखा वागतो, आणि पाहुणा निदान कधी निघणार ते तरी सांगतो.

परवा वर्तमानपत्रात वाचलं की अंध वाचकांच्या बोलक्या पुस्तकांच्या वाचनालयाला घरी बसून पुस्तकं वाचून देणारी माणसं हवी आहेत. दहा फेब्रुवारीच्या आत वीस मिनिटांचा नमुना पाठवायचा. त्यावर नाव घालायचं नाही, वाचनालय नुसता क्रमांक देतं. मग त्यांचेच पाच जुने श्रोते तो ऐकून पास की नापास ते ठरवतात. तुला आठवतं ना, दुकानात चार कारागीर होते तेव्हा दुपारी मशीन बंद ठेवून हातशिलाई चालायची आणि मी मोठ्यानं कादंबरी वाचायचो? चौथीत शाळा सुटलेला माणूस मी. अक्षरं पक्की झाली ती कटिंगसाठी आणलेल्या रद्दीवर. पण रंगात आलो की कारागिरांच्या सुया थांबायच्या. (मामी म्हणते की त्यामुळेच कपडे वेळेवर झाले नाहीत.)

आता आतलं सांगतो, कारण नाहीतर तू तुझ्या आईकडून काढून घेशीलच. त्या पाच श्रोत्यांत एक तुझे थोरले मामा आहेत. डोळे गेल्यापासून दादा दिवसभर त्या वाचनालयाची पुस्तकंच ऐकतात. आम्ही नऊ वर्षं बोललेलो नाही, आणि का ते घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. हेडमास्तर म्हणून निवृत्त होताना दादांनी मी शिवलेला कोट घालून भाषण केलं, एक मुद्दा ठासून सांगायला हात वर केला, आणि कोट बगलेपासून कमरेपर्यंत उसवला. मी म्हणालो की भाषण करायचं होतं की पवनचक्की व्हायचं होतं. ते सगळ्या शाळेसमोर म्हणाले की चौथी नापास माणसाकडून दुसरी अपेक्षाच नव्हती. मी नापास नव्हतो गं. माझी शाळा सुटली होती. त्यात फरक आहे.

तर दादांना न कळता, दादांच्याच हातून, मला एकदा पास व्हायचं आहे. एवढाच हा सगळा उद्योग. मामीला माहीत आहे, तुला सांगितलं, आणखी कुणाला सांगू नकोस. काय काय सामान लागतं ते सविस्तर लिही.

लोभ आहेच, तो उसवू देऊ नकोस.

तुझा,
मामा

*

११ जानेवारी

ती. मामांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

हसून झालं. दोन दिवस लागले.

तुमचं पत्र मी ऑफिसात वाचलं आणि शेवटी डोळे पुसले, त्यावर शेजारच्या निवेदकानं विचारलं की घरी काही वाईट झालंय का. मी सांगितलं की मामा स्टुडिओ काढताहेत. तो म्हणाला, मग रडणं बरोबर आहे.

आता लिहून घ्या, म्हणजे लिहिलेलंच आहे, भिंतीला टाचा. सगळ्यांना वाटतं की आधी मायक घ्यायचा. चूक. आधी खोली. मोकळ्या खोलीत आवाज भिंतीवर आपटून परत येतो आणि माणूस टाकीत बसून बोलल्यासारखा वाटतो. आवाज पिणारं काहीतरी लागतं. लोक त्यासाठी स्पंजाचे पत्रे विकत आणतात. तुमच्याकडे तर एकोणीस जाड अस्तरवाले कोट आहेत! ट्रायल रूमच्या तिन्ही बाजूंना टांगा. माझ्या केंद्रात इतकी चांगली खोली नाही. आरसा मात्र झाका, त्याच्यावरूनही आवाज उसळतो.

मग मायक. कंडेन्सर जातीचा घ्या, पण तो भोचक असतो, घरातलं सगळं त्याला ऐकू येतं. तो थेट कॉम्प्युटरला जोडता येत नाही. मधे एक छोटी डबी लागते, तिला ऑडिओ इंटरफेस म्हणतात. ती दुभाषा आहे असं समजा: मायकचं बोलणं कॉम्प्युटरला समजेल असं करून सांगते. कॉम्प्युटर म्हणजे तुमच्या घरी पडलेला जुना लॅपटॉप चालेल. जाड चांगली केबल, मायक हलू नये म्हणून स्टँड, आणि कान पूर्ण झाकणारा हेडफोन. शिवाय मायकपुढे जाळी लावायची, कारण प, फ, ब, भ म्हणताना तोंडातून फुंकर सुटते आणि ऐकणाऱ्याच्या कानात फटाका वाजतो. या जाळीला पॉप फिल्टर म्हणतात. तुम्ही ती विकत घेतलीत तर मी तुम्हाला शिंपी म्हणणार नाही.

वाचताना पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज परत सुरू करायचा लोक विसरतात, म्हणून आमच्यात एक युक्ती आहे: जिच्यावाचून आपलं अडतं अशी एखादी वस्तू फ्रिजमध्ये ठेवायची. ती घ्यायला गेलं की आठवतं.

आणि मामा, सगळ्यात महत्त्वाचं: रेकॉर्ड केलेलं हेडफोन लावून पूर्ण ऐका, मगच पाठवा.

एक शंका. थोरले मामा तुमचा आवाज ओळखणार नाहीत का?

मामीला नमस्कार. तुमचा लोभ असाच चालू राहू दे, फ्रिज बंद असला तरी.

तुमची,
भिंगरी

*

२१ जानेवारी

चि. भिंगरीस,
स्टुडिओच्या मालकाचे अनेक आशीर्वाद.

सामान आणलं. दुकानदार भला माणूस, पण मला नवखा बघून त्याला मोह आवरेना. साठ बटणांचं एक टेबलच त्यानं पुढे ओढलं आणि सांगितलं की याशिवाय स्टुडिओ होत नाही. मी म्हणालो की चाळीस वर्षं शर्ट शिवले, एका शर्टाला सात बटणं पुरतात. तुझा कागद खिशातून काढून दाखवला आणि मायक, दुभाषा, केबल आणि हेडफोन एवढंच घेऊन निघालो. स्टँडही तो देत होता. नको म्हणालो.

कारण स्टँड घरी उभाच आहे. आपला लाकडी पुतळा! डोकं नाही, मान आहे, आणि मानेत खुंटीचं भोक आहे. मायक त्यात असा चपखल बसला की जणू तो पुतळा इतकी वर्षं डोक्याचीच वाट बघत होता. वर मी त्याला मापाचा कोटही चढवला, आवाज पिण्यासाठी. आता ट्रायल रूममध्ये आम्ही दोघं समोरासमोर बसतो. मामी पहिल्यांदा पडदा सारून आत आली तेव्हा पुतळ्याला म्हणाली की या, बसा. मग माझ्याकडे बघून म्हणाली की आज दोघांतला शहाणा कोण ते चटकन कळत नाही.

पॉप फिल्टर असा केला की भरतकामाच्या लाकडी रिंगणात झग्याच्या आतली बारीक जाळी दुहेरी ताणून बसवली. आधी अस्तराचं कापड लावून पाहिलं होतं, पण त्यातून आवाजच जाईना. मी हौसेनं अस्तराच्या कडेला गोटही शिवला होता, तो वाया गेला.

हेडफोन लावून पाहिला. भिंगरी, त्यात जो माणूस बोलतो तो मी नाही. तो कुणीतरी नाकातून बोलणारा कारकून आहे. मामीनं ऐकलं आणि म्हणाली की गेली बत्तीस वर्षं ती याच कारकुनाबरोबर राहते आहे. तेव्हापासून हेडफोन खुंटीला टांगलेला आहे.

तुझी फ्रिजची युक्ती केली. जिच्यावाचून अडतं अशी वस्तू म्हणून चष्मा फ्रिजमध्ये ठेवला. फ्रिज बंद, पंखा बंद, घड्याळाचा सेल काढला, ट्रायल रूममध्ये जाऊन बसलो, रेकॉर्डिंगचं बटण दाबलं, पुस्तक उघडलं, आणि मला एक अक्षर दिसेना. उठून चष्मा आणला तर काचांवर धुकं. पुसून बसलो. दुसऱ्या दिवशी चष्म्याऐवजी दाराची किल्ली ठेवली, तर मामी बाहेरून आली आणि अर्धा तास जिन्यावर बसून राहिली. दोन्ही दिवस दूध नासलं ते वेगळंच.

तुझ्या शंकेचं उत्तर. दादांनी माझं वाचन कधी ऐकलेलंच नाही. त्यांना फक्त माझं भांडण ठाऊक आहे, आणि वाचताना माझा आवाज वेगळा लागतो. ओळखणार नाहीत.

ममता असू दे, आणि हसणं जरा कमी कर.

तुझा,
मामा

*

३० जानेवारी

चि. भिंगरी,
मामीचे आशीर्वाद.

तुझ्या मामांनी पत्र लिहिलं त्यात काय काय गाळलं ते सांगायला हे चार शब्द.

माझ्या घरात सध्या घड्याळ थांबलेलं आहे, आरशावर चादर आहे, दाराची घंटा काढून ठेवली आहे आणि दुपारी दोन ते तीन मी शिंकायचं नाही असं ठरलं आहे. फुंकर सुटू नये म्हणून हे जेवताना सराव करतात. पोपट, फाटक, बंब, भोपळा. काल भाजीवालीनं काय हवं विचारलं तर यांनी एका दमात चारही सांगितले.

मशीन चालवायला बंदी, म्हणून मी पडद्याबाहेर स्टूल टाकून बटणं लावत बसते. दार वाजलं तर थोपवायचं हीदेखील माझीच नोकरी. आतून यांचं वाचन ऐकू येतं. चांगलं वाचतात गं, पण घाई फार. गाडी सुटणार असल्यासारखे वाचतात. मी तिथूनच सांगते. यांना वाटतं की पडद्याबाहेरचं मायकला ऐकू जात नाही, कारण मायकचं तोंड यांच्याकडे आहे. मी म्हटलं, बरं.

थट्टा राहू दे, पण माणसाचा जीव लागलाय त्यात. सहा महिन्यांनी सकाळी दाढी करून पुढच्या खोलीत जातात. पास झाले नाहीत तर पुन्हा त्या कोटांत हिंडत बसतील, आणि या वेळी मला त्यांना काय काम द्यावं ते सुचणार नाही. तुझ्या हातात काही असेल तर बघ.

तब्येत सांभाळ, वेळेवर जेव. आमच्यावरची माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
मामी

*

९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

पाठवलं! एक पेनड्राइव्ह वाचनालयाला, एक तुला. वाचनालयाच्या खिडकीवरच्या बाईंनी माझ्यादेखत वर सात आकडा टाकला. नऊ वेळा वाचून दहाव्यांदा मनासारखं झालं. दीपगृहाच्या रखवालदाराची एक जुनी कादंबरी आहे माझ्याकडे, तीच वाचली. मामीनं एकदाही शिंक दिली नाही, उगाच तिला नावं ठेवू नयेत.

ऐकून पाहिलं का असं विचारशील. हो, ऐकलं.

लोभ वाढता राहो.

मामा

*

१६ फेब्रुवारी

ती. मामांस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

ऐकलं नाहीत. खोटं बोललात. मी ऐकलं.

मामा, खुर्चीवर बसा. वीस मिनिटं मामी इतकी स्पष्ट ऐकू येते की मला तिच्या सुईतून दोरा ओढल्याचा आवाज मोजता आला. आणि तिच्या मागे कुठेतरी, शेजारच्या इमारतीतल्या बंद कपाटात बसल्यासारखे, तुम्ही एक कादंबरी वाचताहात. तुमचं एक वाक्य संपतं न संपतं तोच मामी सांगते की हळू. तुम्ही वादळाचं वर्णन वाचता, मामी म्हणते की या बाबानं खिडक्या आधीच लावायच्या होत्या. आमच्या निवेदकाला वाटलं की हे एक बाई आणि तिच्या डोक्यातला माणूस असं नाटक आहे. त्याला आवडलं.

असं का झालं ते मला दोन मिनिटांत कळलं, आणि मामीला फोनवर विचारून खात्री केली. तुमच्या मायकला दोन बाजू आहेत. ज्या बाजूला कंपनीचं नाव ती त्याची पुढची बाजू, तिथूनच तो ऐकतो. तुम्ही नाव मागे केलंत. मामी म्हणाली की तुम्ही मायक मानेत बसवताना छातीवर हात ठेवून सांगितलंत की लेबल नेहमी मानेच्या मागे येतं, पुढे लेबल लावणारा शिंपी अजून जन्मला नाही. मामा, चाळीस वर्षांच्या कारागिरीनं तुमचा घात केला. सगळ्या जगात ही चूक फक्त तुम्हीच करू शकत होतात.

आणखी एक आहे. वाचन संपल्यावर तुम्ही रेकॉर्डिंग बंद केलंच नाहीत. पुढची चार मिनिटं तुम्ही दोघं बोलता आहात. काय बोललात ते तुम्हाला आठवत असेल. थोरल्या मामांचं नाव त्यात दोनदा आहे.

मी लगेच वाचनालयात फोन करून विनवलं की सात क्रमांक मागे घ्या. त्यांनी सांगितलं की नमुने श्रोत्यांच्या घरी पोचलेसुद्धा.

रागावू नका. तुमच्या लोभाला मी अजून पात्र आहे असं धरून चालते.

तुमची,
भिंगरी

*

१९ फेब्रुवारी

चि. भिंगरी,

तुझं पत्र वाचून मी ट्रायल रूममध्ये जाऊन पडदा ओढून बसलो. मामीनं पडद्याबाहेरून विचारलं की जेवायला वाढू का. मी हळू आवाजात नको म्हणालो. तिनं सांगितलं की मोठ्यानं बोला, तुमचं काही ऐकू येत नाही. तिला हसू आलं, मग मलाही आलं, मग नाही आलं.

दादांना आता सगळं कळलं असणार. पास होण्याचं राहू दे, लपून पास व्हायला गेलो होतो हेही कळलं. पुतळ्याच्या मानेतून मायक काढून ठेवला आहे.

पुढे काय लिहू. असाच जीव लावत जा.

मामा

*

२४ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
दादाचे आशीर्वाद.

कागदावर पट्टी ठेवून, ती एकेक बोट खाली सरकवत लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील तर तुझ्या सौ.कडून वाचून घे. कुणाला सांगून लिहवून घेतलं असतं, पण हा मजकूर तिसऱ्या कानावर घालण्यासारखा नाही.

क्रमांक सात. माझा निकाल: नापास.

नियमाप्रमाणे कारणं देतो. वाचणाऱ्याचा आवाज विहिरीच्या तळातून येतो. वाचणारा स्वल्पविरामाला थांबतच नाही, आणि पूर्णविरामाला थांबतो तो दातांनी दोरा तोडायला थांबल्यासारखा. वादळाचं अख्खं पान त्यानं कुणी पाठीमागे लागल्यासारखं संपवलं. उलट त्याच्या चुका काढणाऱ्या बाईंची एकही सूचना गैर नव्हती. त्यांना मी पैकीच्या पैकी गुण दिले आहेत, आणि समितीला तसं कळवलं आहे.

बाई कोण ते आधी कळलं नाही, कारण नऊ वर्षांत त्यांचाही आवाज कानावर पडला नव्हता. पाचव्या मिनिटाला त्या म्हणाल्या की या वेगानं दादा नापासच करतील, तेव्हा माझ्या हातातली कपबशी खाली गेली. शेवटची चार मिनिटं तुझं बोलणं ऐकू येईना, म्हणून आवाज पूर्ण वाढवून तीनदा ऐकलं. त्यामुळे तुझी सौ. आमच्या घरात इतक्या मोठ्यानं बोलली की तुझी वहिनी स्वयंपाकघरातून धावत आली, कोण आलंय म्हणून विचारलं, आणि मी काही सांगायच्या आत दोन कप चहा जास्तीचा टाकून मोकळी झाली.

तू म्हणालास की तुला एकदा माझ्या हातून पास व्हायचं आहे. मी चाळीस वर्षं वर्गात होतो. मला वाटतं म्हणून मी कुणाला पास केलं नाही, तुलाही करणार नाही. पण एक चूक माझी आहे आणि ती दुरुस्त करतो. मी शाळेसमोर तुला चौथी नापास म्हणालो. ते खोटं होतं, आणि मला तेव्हाही माहीत होतं. तुझा शाळेचा दाखला आणायला मीच गेलो होतो. त्यावर चौथी पास लिहिलेलं आहे, वर्गात दुसरा. माझं शिक्षण चालू राहावं म्हणून तुला तिथून थेट सुईला जुंपलं, हे मला त्या दिवशी भाषणात सांगायचं होतं. त्याआधीच हात वर झाला.

आता महत्त्वाचं. तो रखवालदार बेटावर एकटा आहे. होडी फुटलेली आहे, बेटावर दुसरं माणूस नाही. वीस मिनिटं संपता संपता दीपगृहाच्या दारावर तीन थापा पडतात, तो कंदील उचलतो, आणि तू पुस्तक मिटलंस! ही काय थांबायची जागा झाली? मी वाचनालयात विचारलं, त्यांच्याकडे ते पुस्तक नाही. ओळखीच्या दोन शिक्षकांना विचारलं, त्यांनी नावही ऐकलेलं नाही. समिती नापास नमुन्याचा पुढचा भाग मागवत नाही. तीन दिवस माझं कशात लक्ष नाही. तुझी वहिनी म्हणते की लाट असेल, मी म्हणतो की लाट मोजून तीन थापा मारत नाही.

दारावर कोण होतं ते उलट टपाली कळव.

तुझा,
दादा

*

२८ फेब्रुवारी

ती. दादांस,
धाकट्याचे नऊ वर्षांचे साठलेले सगळे साष्टांग नमस्कार, एकदम.

ओळी एकमेकींवर चढल्या नव्हत्या. एकच चढली होती, दाखल्याची. ती मी हिच्याकडून वाचून घेतली नाही, स्वतःच लावली. दोन दिवस लागले.

तुमचा निकाल मान्य आहे. काल वाचनालयाचंही पत्र आलं: क्रमांक सात नापास, मात्र पाचही श्रोत्यांचं मत असं की पाठीमागच्या बाईंना विचारून पाहावं, त्या वाचतील का. तेव्हापासून घरात राहणं अवघड झालं आहे. ही म्हणते की वाचेन, पण तिच्या अटी आहेत. ती पडद्याच्या आत बसणार, मी बाहेर बसून बटणं लावणार, आणि मी एक शब्दही बोलायचा नाही. भिंगरीनं फोनवर समजावून मायकचं तोंड वाचणाऱ्याकडे करून घेतलं आहे. नाव आता पुढे असतं. बघवत नाही, पण असतं.

मीही पुन्हा नमुना देणार आहे. घाई कमी करायला शिकायचं आहे, आणि ते मला पुतळ्यासमोर बसून येणार नाही. समोर ऐकणारं माणूस पाहिजे, चुकलो की तिथल्या तिथे टोकणारं. तुम्ही नापास केलंत, तेव्हा शिकवणंही तुमच्याकडेच आलं.

दारावर कोण होतं ते मला ठाऊक आहे. हिलाही ठाऊक आहे, तिला ते अजिबात पटलेलं नाही. पण पत्रातून कळवणार नाही, उलट टपाली तर मुळीच नाही. येत्या गुरुवारी सकाळच्या गाडीनं निघतो. मायक नाही, हेडफोन नाही, दुभाषा नाही. नुसतं पुस्तक आणतो. साडेअकराच्या सुमारास तुमच्या दारावर तीन थापा पडतील. लाट नसेल. वहिनींना पुढे पाठवू नका, तुम्ही स्वतः उठून उघडा.

बाकी लोभाचं समोरासमोर बोलू.

आपला,
धाकटा, चौथी पास